रविवारचा गणिताचा क्लास, नौपाडा: एका संख्येवर अख्खं लेक्चर
★★★★☆

मुलगी सातवीत आहे. स्पीड मॅथ्सवाले ठाण्यात गल्लोगल्ली आहेत, ट्रिक पाठ करून घेतात आणि उत्तर पटकन आलं की विषय संपला. इथे तसं नाहीये म्हणून मुद्दाम लिहितेय. डेमोला पालकांना मागे बसू देतात, मी बसले होते, त्या दिवशी सरांनी फळ्यावर फक्त १२३४५६७८९८७६५४३२१ लिहिलं आणि अख्खं लेक्चर त्या एका संख्येवरच घेतलं.

हा नऊ एक्यांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग, हे व्हॉट्सॲपवर बऱ्याच जणांनी बघितलेलं असतं, पण असं का होतं ते कोणी सांगत नाही. सरांनी आधी १११ गुणिले १११ उभ्या मांडणीत करायला लावलं, तीन ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे, मग रकान्यातले एक मोजायचे: १, २, ३, २, १. नऊ एक्यांना मधल्या रकान्यात नऊच येतात त्यामुळे हातचा कुठेच येत नाही. मग दहा एके घेतले तर? करून बघा म्हणाले. मधे दहा झाले, हातचा शेजारच्या नवावर, तिथेही दहा, पुढचा हातचा आठावर, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. नक्षी नेमकी कुठे मोडली आणि का मोडली हे पोरांना स्वतःच्या वहीत दिसलं, माझ्या मते क्लासची सगळी फी इथेच वसूल होते.

अंकांची बेरीज ८१ का, तर मांडणीत नऊ ओळी गुणिले नऊ एके, हातचा नाही म्हणजे एकही एक हरवत नाही. मग अवयव पाडले: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग, त्यावरून एकूण ४५ विभाजक. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच का असते हा प्रश्न घरी विचार करायला दिला, मुलगी जेवताना पण तेच घेऊन बसली होती. लॅपटॉपवर एक्सेलमध्ये तोच वर्ग पूर्ण आकड्यात बघितला तर शेवटी ३०० येतं कारण एक्सेल १५ अंकच अचूक ठेवतं, आणि एक मुलगा लगेच म्हणाला सर, एक गुणिले एक एकच ना, शेवटी शून्य कसं येईल!! कॉम्प्युटरचं उत्तर तपासायची ही सवय मला खूप मोलाची वाटली.

या संख्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांच्या डेम्लो संख्यांपैकी. त्यांना त्या डोंबिवली (तेव्हाचं डेम्लो) स्टेशनात सुचल्या, म्हणून हे नाव, आणि कापरेकर शाळेला होते आपल्या ठाण्यात, पुढे देवळालीला शाळामास्तर. ठाण्यातल्या मुलांना हे क्लासमध्ये कळतंय याचा खरंच आनंद झाला.

एक स्टार कापलाय तो जागेसाठी. खोली लहान, मागच्या बाकावरून फळ्याचा खालचा भाग दिसत नाही आणि मोठ्या संख्यांचं काम खालीच सरकत जातं. वर्कशीटची झेरॉक्स पुसट असते. गाडी आणू नका, पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत या.

फक्त स्कॉलरशिपच्या मार्कांसाठी क्लास शोधत असाल तर इथे वेग कमी वाटेल. मूल ‘पण असं का’ विचारणारं असेल तर डेमोला नक्की आणा, आणि पुढच्या बाकावर बसवा.