अँकीवर इटालियन: कार्डं स्वतः लिहा, मराठीतून लिहा

मोठेपणी इटालियन शिकायला घेतलेल्या प्रत्येकाला मी अँकी सुचवते, म्हणजे कार्डांवरून पाठांतर करायचं ॲप. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर एकदाच पैसे भरावे लागतात. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर, आणि उत्तर कितपत आठवलं ते सांगायला चार बटणं. त्यावरून ते कार्ड उद्या दाखवायचं की महिन्याने, हे अँकी ठरवतं. मी रोज सकाळी, बाकी काही सुरू व्हायच्या आत, तेवढं उरकते.

तयार संच भरपूर मिळतात, पण ते बहुतेक इंग्रजीतून असतात आणि तिथेच मराठी माणसाचं नुकसान होतं. ‘मी प्याचे इल लीब्रो’ हे इंग्रजीतून शिकताना वाक्य उलटं करून समजून घ्यावं लागतं. आपल्याकडे ‘मला पुस्तक आवडतं’ आहेच! पुस्तकं अनेक झाली की ‘आवडतात’, तसं तिकडे ‘प्याच्चोनो’. भूतकाळातही तेच. बाई ‘सोनो आंदाता’ म्हणते, पुरुष ‘सोनो आंदातो’. आपलं गेले आणि गेलो. पत्र वाचलंस का असं विचारलं तर ‘लो लेत्ता’, पुस्तकाबद्दल विचारलं तर ‘लो लेत्तो’, कारण तिकडे पत्र स्त्रीलिंगी. कर्माप्रमाणे क्रियापद बदलणं आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे. म्हणून माझ्या कार्डांच्या पुढच्या बाजूला मराठी वाक्य असतं, मागे इटालियन. इंग्रजी कुठेच नाही.

नाम एकटं कधीच लिहू नका, आर्टिकलसकट लिहा. हात म्हणजे ‘ला मानो’, शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी. ‘इल प्रोब्लेमा’ शेवटी आ असूनही पुल्लिंगी. अंडं तर एकवचनात पुल्लिंगी, अनेकवचनात स्त्रीलिंगी: ‘लुओवो’, ‘ले उओवा’. हे नियमाने लक्षात राहत नाही, सारखं समोर येऊन राहतं.

शब्दयोगी अव्ययांसाठी गाळलेली जागा भरायची कार्डं करा. ‘वादो इन इतालिया’ (मी इटलीला जाते), पण ‘वादो आ रोमा’ (मी रोमला जाते): देशाला एक, शहराला दुसरं. अँकीची खरी किंमत मला इथे कळली. व्याकरणाच्या पुस्तकात ही यादी वाचून पुढे जाता येतं, इथे ती सुटत नाही.

कार्डात आवाज जोडता येतो, तो जोडाच. ‘सेते’ म्हणजे तहान, ‘सेत्ते’ म्हणजे सात. जोडाक्षरावरचा जोर आपल्याला जमतो, पण आधी तो कानाला कळायला हवा.

बोलणं मात्र अँकी शिकवत नाही, त्यासाठी माणूसच लागतो. मी व्हिडिओ कॉलवर एका शिक्षिकेशी बोलते आणि तिथे अडलेली वाक्यं त्याच दिवशी कार्डांत घालते. ज्यांना इटलीतल्या सिएना किंवा पेरुजाच्या विद्यापीठाची इटालियन भाषेची परीक्षा द्यायची आहे, त्यांनी बोलण्याचा सराव वेगळा धरावाच.

सेटिंगमध्ये एक बदल पहिल्याच दिवशी करा. रोज 20 नवी कार्डं असं त्यात मुळात ठरलेलं असतं. नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्याला ते झेपत नाही, कारण उजळणी मागून वाढत जाते. सात-आठ पुरेत. मध्ये खंड पडलाच तर नवी कार्डं शून्यावर आणा, साचलेली उजळणी थोडी थोडी संपवा आणि मगच आकडा पुन्हा वाढवा.