किडनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्या: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

आयुर्वेदिक औषधांच्या मोठ्या दुकानात ‘किडनीसाठी काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवर साधारण चार प्रकारचा माल येतो: सिरप, गोळ्या-गुग्गुळ, काढ्याची भरड आणि इंग्रजी नावांच्या कॅप्सूल. यातला बराच माल मुळात मुतखड्यासाठी बनवलेला असतो. सिस्टोनची गोळी, पाषाणभेदाचा काढा, श्वेत पर्पटी ही औषधं खडा आणि लघवीची जळजळ डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहेत. दीर्घकालीन किडनीविकार, ज्याला डॉक्टर सीकेडी म्हणतात, ते प्रकरण वेगळं. तीन महिन्यांहून जास्त काळ ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा आकडा, ६० च्या खाली, किंवा लघवीतून प्रथिन जात राहणं, ही त्याची खूण. खडा झालेल्याची किडनी बहुधा धडधाकट असते आणि जास्तीचा क्षार ती निमूट बाहेर टाकते. सीकेडीत नेमकं तेच काम मंदावलेलं असतं. पुढची पारख सीकेडी असलेल्या, पण डायलिसिस सुरू न झालेल्या रुग्णासाठी आहे.

सगळ्यात आधी लेबलवर ‘क्षार’ हा शब्द शोधा. यवक्षार म्हणजे जवाचं झाड जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून काढलेलं मीठ. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात. अपामार्ग क्षार, म्हणजे आघाड्याचा, त्याच पद्धतीने निघतो. श्वेत पर्पटीचं गणित तर कागदावर मांडता येतं. पारंपरिक पाठात सोरा १६ भाग, फटकडी २ भाग, नवसागर १ भाग. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि त्याच्या वजनात सुमारे ३९ टक्के पोटॅशियम. म्हणजे दिवसाला एक ग्रॅम पर्पटी घेतली तर ढोबळमानाने ३०० मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात गेलं, वर फटकडीतलं अ‍ॅल्युमिनियम वेगळंच. एका शहाळ्यात याच्या दुप्पट पोटॅशियम असतं, मग एवढा बाऊ कशाला? कारण हा डोस एकटा येत नाही. रुग्ण बहुतेक वेळा टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्यांवर असतो, कधी जोडीला स्पायरोनोलॅक्टोनही असतं, आणि ही औषधं पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. त्यात घरात कुणीतरी ‘बीपीला चांगलं’ म्हणून कमी सोडियमचं मीठ आणलेलं असतं, ज्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चार ठिकाणांहून थोडं थोडं जमतं आणि रक्तातलं पोटॅशियम ५ च्या पुढे सरकतं. श्वेत पर्पटी सीकेडीत नको, एवढं स्पष्ट सांगायला हरकत नाही. चंद्रप्रभा वटीत यवक्षार, सज्जीखार आणि तीन प्रकारची मिठं असतात; प्रमाण कमी, पण सूज आणि बीपी असलेल्याने ती आपल्या मनाने महिनोन्‌महिने चालू ठेवू नये.

आता पुनर्नवा. आपल्याकडे रानोमाळ उगवणारी घेटुळी ती हीच, आणि किडनीच्या जवळपास प्रत्येक सिरपमध्ये ती, गोखरू (सराटा) आणि वायवर्णा असतातच. घेटुळीने लघवी थोडी वाढते, पायावरची सूज उतरल्यासारखी वाटते. मात्र सूज उतरणं म्हणजे किडनी सुधारणं नव्हे. यावर झालेले अभ्यास छोटे आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. डायलिसिस लांबलं, ईजीएफआरची घसरण वर्षानुवर्षं मंदावली, असं दाखवणारी मोठी चाचणी या सिरपांच्या पाठीशी नाही. फ्रुसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, चालू असताना पुनर्नवा जोडली की दोन्ही मिळून शरीरातलं पाणी जास्त ओढतात. मग उभं राहताना चक्कर येते, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) वर जातं आणि घरचे म्हणतात ‘आजार वाढला’. वाढलेला नसतो, रुग्ण सुकलेला असतो.

पुनर्नवा कुठल्या रूपात घेतली जाते, यानेही फरक पडतो. पुनर्नवासव हे आसव. त्यात गोडवा असतो आणि आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोलही. मधुमेही सीकेडीला ते नकोच. पुनर्नवा मंडूर म्हणजे लोहयुक्त औषध. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, न तपासता, आणि शिरेतून लोह चालू असताना, वरून मंडूर घेण्यात अर्थ नाही. काढ्याची गंमत अशी की आहारतज्ज्ञ भाजी उकळून पाणी फेकायला सांगतात, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. काढ्यात आपण वनस्पती उकळून तेच पाणी पितो! शिवाय ज्याला दिवसाला लिटरभर पाण्याची मर्यादा घातली आहे, त्याने सकाळ-संध्याकाळचा काढा त्या हिशेबात धरायचा असतो. तो सहसा कुणी धरत नाही.

भस्मांबद्दल मऊ बोलण्यात हशील नाही. नावाच्या शेवटी ‘रस’, ‘भस्म’ किंवा ‘सिंदूर’ असेल तर त्यात धातू किंवा खनिज आहे, असं धरून चाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली; त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पाऱ्याचा किडनीशी असलेला संबंध अलीकडे जास्त स्पष्ट झाला आहे. केरळमध्ये गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे मेम्ब्रेनस नेफ्रोपथी (किडनीच्या गाळण्यांचा आजार) झालेल्या रुग्णांची नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पारा असलेल्या पारंपरिक औषधांच्या बाबतीतही असेच रुग्ण आढळले आहेत. त्यात लघवीतून प्रथिन भसाभस जातं, चेहरा आणि पाय सुजतात. कारण वेळेत सापडलं आणि ते औषध थांबवलं तर बरेच जण सुधारतात; पण डॉक्टरला ती पुडी कळलीच नाही तर शोध भलतीकडेच चालतो.

सुट्या काष्ठौषधींत धोका वेगळा आहे. ईश्वरी किंवा सापसंद म्हणून विकली जाणारी मुळी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली. या कुळातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल किडनीच्या नलिका कायमच्या नासवतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या कॅप्सूलमध्ये एका चिनी मुळीऐवजी चुकून याच कुळातली मुळी गेली, आणि कित्येक स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या. वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसलेली पुडी घ्यायची नाही, याचं कारण हे.

कॅप्सूलच्या रांगेत जाहिरात जास्त आणि पुरावा कमी. ओमेगा-३ आणि ड जीवनसत्त्वाची चाचणी अमेरिकेत टाइप-२ मधुमेहाच्या १,३१२ जणांवर पाच वर्षं झाली. २०१९ मध्ये निकाल आला आणि ईजीएफआरच्या घसरणीत म्हणावा असा फरक दिसला नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाडांसाठी घ्या, किडनी वाचवायला म्हणून नको. क जीवनसत्त्वाच्या १००० मिलिग्रॅमच्या फसफसणाऱ्या गोळ्या सीकेडीत टाळाव्यात. जास्तीचं क जीवनसत्त्व शरीरात ऑक्झलेट (खडे करणारा क्षार) होतं आणि ते किडनीत साचतं. हळदीच्या जास्त ताकदीच्या कॅप्सूल रोज घेतल्यावरही ऑक्झलेटचा असाच त्रास नोंदला गेला आहे, भाजीतल्या चिमूटभर हळदीने नव्हे. नोनी, म्हणजे आपल्या बारतोंडीचा रस, पोटॅशियमच्या बाबतीत संत्र्याच्या रसाच्या तोडीचा आहे. कमरख, ज्याला कोकण-गोव्यात करमल म्हणतात, ते तर औषध म्हणून काय, तोंडी लावायलाही नको: किडनी अधू असलेल्याला त्यातल्या विषाने न थांबणारी उचकी, गोंधळलेपणा, झटके येऊ शकतात. उचकी लागली की आधी ‘आज काय खाल्लं?’ हे विचारा.

मग घेण्याजोगं काय? सगळ्यात कंटाळवाणी वस्तू: इसबगोल. बद्धकोष्ठ सीकेडीत साधी गोष्ट नसते. किडनी मंदावली की पोटॅशियमचा काही भाग आतड्यातून बाहेर पडू लागतो, आणि शौच अडलं की तोही अडतो. रात्री एक चमचा साधा इसबगोल, पेलाभर पाण्याबरोबर, इतर गोळ्यांपासून दोन तास अंतर ठेवून. पाणी कमी पडलं तर तो घशात किंवा आतड्यात फुगून अडकतो. पाण्याची कडक मर्यादा असेल तर डॉक्टरला दुसरं रेचक विचारा. चवीच्या, फसफसणाऱ्या पाकिटांत सोडियम असतं, ती नकोत.

दुसरी वस्तू म्हणजे खायचा सोडा, सोडियम बायकार्बोनेट. रक्तातलं बायकार्बोनेट (आम्ल मारणारा घटक) घसरलेल्या १३४ रुग्णांवर लंडनमध्ये झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सोडियम बायकार्बोनेटने किडनीच्या कामाची घसरण मंदावली. पुढे ब्रिटनमधल्याच वृद्धांवरच्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही, त्यामुळे सरसकट नव्हे, तर रक्ताचा आकडा बघून डॉक्टर देतील तितकंच. स्वयंपाकघरातला सोडा चमच्याने घेऊ नये: सपाट चहाचमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. गोळीत निदान डोस मोजलेला असतो.

खर्चाचंही बोलू. डॅपाग्लिफ्लोझिन या मुळात मधुमेहासाठीच्या गोळीच्या २०२० च्या मोठ्या चाचणीत किडनी निकामी होणं, ईजीएफआर निम्म्याहून खाली येणं आणि किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. भारतात तिचं मूळ पेटंट त्याच वर्षी संपलं आणि जेनेरिक गोळी स्वस्तात मिळू लागली. ती परवडत नाही म्हणून सोडायची आणि सिरपच्या बाटल्या आणायच्या, हा व्यवहार उलटा आहे. ‘डायलिसिस टाळा’, ‘किडनी पुन्हा नवी’ असं छापणाऱ्याबद्दल एक गोष्ट ठाऊक असू द्या: १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याच्या यादीत ‘ब्राइट्स डिसीज’ आहे. किडनीविकाराचं ते जुनं नाव, आणि तो बरा करण्याची जाहिरात करायला कायद्याने मनाई आहे.

तरीही एखादं सिरप घ्यायचंच असेल तर लेबलवर तीन गोष्टी बघा: आयुर्वेदिक परवाना क्रमांक, प्रत्येक घटकाचं शास्त्रीय नाव आणि मात्रा, बॅच क्रमांक. पाठीमागच्या लेबलचा फोटो नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीतज्ज्ञाला, दाखवा. नुसतं ‘आयुर्वेदिक चालू आहे’ सांगून त्यांना काही कळत नाही. प्रत्यारोपण झालेल्यांनी यातलं काहीच स्वतःहून सुरू करू नये. गुळवेलीसारखी प्रतिकारशक्ती जागवणारी वनस्पती तिथे विरुद्ध काम करू शकते, आणि पपनसासारखं फळसुद्धा टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची) रक्तातली पातळी वाढवतं.

सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (प्रथिन किती जातं ते सांगणारं), चारही एकाच लॅबमधून करा. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. क्रिएटिनिन १.९ वरून १.८ झालं तर बाटलीला श्रेय देऊ नका. एवढा चढ-उतार रोजचा आहे, आणि मटण बंद केल्यावर किंवा स्नायू झिजल्यावरही ते उतरतं. वजन घटत असताना उतरलेलं क्रिएटिनिन ही चांगली बातमी नसते. पोटॅशियम सात ते दहा दिवसांत पुन्हा बघा. ५.५ च्या पुढे गेलं तर नवं औषध त्या दिवशीच बंद करून डॉक्टरांना फोन करा. ६ च्या पुढे असेल, किंवा हातपाय गळाल्यासारखे वाटत असतील, छाती धडधडत असेल, तर फोनवर न थांबता ईसीजी होईल अशा रुग्णालयात जा आणि बाटली बरोबर न्या.