जेलिनचा ‘अकोमा’: सबवूफर असताना आणि नसताना

सबवूफर, म्हणजे खोल बेस वाजवणारा स्पीकर, पुन्हा बंद पडलाय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, व्होल्टेजमुळे बोर्ड गेला, वॉरंटीत बसत नाही. दुरुस्तीचा आकडा ऐकून डोकं फिरलं. भांडलो आणि तसाच घरी आणला. त्यानंतर जेलिनचा ‘अकोमा’ हा अल्बम जसा ऐकू आला, ते लिहायलाच हवं.

जेलिन ही अमेरिकन इलेक्ट्रॉनिक संगीतकार, फुटवर्क या शिकागोच्या वेगवान नृत्यसंगीतातून पुढे आलेली; यापेक्षा जास्त सांगत बसत नाही. प्लॅनेट म्यू या लेबलवर मार्च २०२४ मध्ये आलेला हा अल्बम मी बँडकँप या संगीतविक्रीच्या साइटवर ‘बँडकँप फ्रायडे’ला विकत घेतला. त्या दिवशी कंपनी आपला वाटा सोडते. मला तेवढेच पैसे पडतात, कलाकाराला जास्त मिळतात. दरमहा वर्गणी भरण्यापेक्षा मला हे परवडतं.

सुरुवातीचे महिने मी बेसवरच खूश होतो. वर मिनिटाला १६० ठोक्यांची धावपळ, खाली बेस निम्म्या चालीनं, आणि खिडकीच्या काचा थरथरतायत. तेव्हा वाटायचं की गायिका ब्योर्क, संगीतकार फिलिप ग्लास, तंतुवाद्यांचा चमू क्रोनोस क्वार्टेट ही अल्बमवरची पाहुणी नावं नुसती सजावटीला आहेत आणि तिचा २०१७ चा ‘ब्लॅक ओरिगामी’च सरस.

सब गेल्यावर साध्या वायरवाल्या हेडफोनवर आलो आणि हे मत टिकलं नाही. ‘सोडालाइट’ या ट्रॅकमध्ये क्रोनोसची व्हायोलिनं तुकडे तुकडे होऊन तालवाद्यं बनतात. शेवटच्या ट्रॅकमध्ये ग्लासच्या पियानोचंही तेच. आणि ‘चॅलेंज’मधले ते मार्चिंग बँडचे स्नेअर ड्रम! मिरवणुकीत ताशाची तर्री सुटावी तसे अंगावर येतात. सबच्या दणक्यात हे सगळं दबून जात होतं.

पण म्हणून फोनवर ऐकू नका, हे हात जोडून सांगतो. या संगीतातला सब-बेस, म्हणजे सगळ्यात खालचा बेस, साधारण ४० ते ६० हर्ट्झला असतो आणि फोनचा इवलासा स्पीकर त्याच्या कितीतरी वरच हात टेकतो. म्हणजे अर्धी रचना गायब. तेवढ्यावर लोक ‘नुसता खडखडाट’ म्हणून मोकळे होतात, याचा मला मनापासून राग येतो. चांगले वायरवाले हेडफोन घ्या, महागडे नकोत.

‘ग्रॅनीज चेरी पाय’ हा ट्रॅक मात्र अजून मनात भरलेला नाही.

जेलिननं थर्ड कोस्ट पर्कशन या तालवाद्यांच्या चमूसाठी रचलेली ‘पर्स्पेक्टिव्ह’ ही रचना २०२३ च्या संगीताच्या पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. तिची इलेक्ट्रॉनिक आवृत्तीही प्लॅनेट म्यूनंच काढली आहे. दुरुस्तीचे पैसे वाचलेत, त्यातून पुढच्या बँडकँप फ्रायडेला तीच घेणार.