लेथचा आवाज न ऐकता पैसे पाठवले, ४७,७७० रुपयांचा चुना लागला

आधीच सांगतो, हसायचं असेल तर हसून घ्या. चौतीस वर्षं नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत लेथवर, म्हणजे धातू गोल फिरवत कापायच्या मशीनवर, उभा राहिलेला टर्नर लेथ घेतानाच फसला, यावर आमच्या घरी आठवडाभर हसून झालं आहे. मेव्हण्याने तर भर लग्नात चारचौघांत विचारलं, "काय भाऊजी, मशीन लागली का?" त्यामुळे तुमच्या हसण्याचं मला आता काही वाटणार नाही. फक्त पूर्ण वाचा, कारण मला फसवणारा माणूस अजून धंदा करून राहिला आहे.

रिटायर झाल्यावर लोक चारधाम करतात, मला इंजिन करायचं होतं. तळहातावर मावेल असं उभं वाफेचं इंजिन. ब्रिटनमधल्या स्टुअर्टचं टेन-व्ही म्हणून मॉडेल आहे, पाऊण इंच बोअर (सिलेंडरचा आतला व्यास), पाऊण इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव), बाजूला वाफ आत-बाहेर सोडणारा स्लाइड व्हॉल्व्ह, तीन इंची फ्लायव्हील. तिकडे त्याच्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, सेटच मिळतो, मशीनिंग आपण करायचं. इथे मागवायचं म्हणजे पार्सल आणि कस्टम मिळून माझ्या पेन्शनीत बसत नाही, म्हणून मी २० मिलिमीटरचा बोअर, २० मिलिमीटरचा स्ट्रोक धरून सगळं धातूच्या बारमधूनच कापून काढायचं ठरवलं. इतवारीत लोहाओळीत दोन चकरा मारून गनमेटलचा तुकडा, ब्रास, ब्राइट बार आणि फ्लायव्हीलसाठी कास्ट आयर्नचा गोळा आणला, २,६४० रुपये. तो माल अजून तसाच पडला आहे, त्याचं बिलही आहे. म्हणजे बघा, जिथे बिल मिळतं तिथे मी बिल घेतो.

आता कोणी म्हणेल, एवढे ओळखीचे वर्कशॉपवाले आहेत तर तिथेच करून घ्यायचं. घरच्यांनी पण हेच म्हटलं. पण असलं इंजिन दुसऱ्याच्या मशीनवर उभ्या उभ्या होत नाही हो. सिलेंडरचा बोअर काढला की त्याच सेटिंगमध्ये त्याचं तोंड सपाट कापावं लागतं, नाहीतर कव्हर काटकोनात बसत नाही, पिस्टन रॉड ग्लँडमध्ये (कव्हरमधून रॉड बाहेर येतो तिथे) घासतो आणि इंजिन दोन फेरे मारून अडतं. पिस्टन तर शेवटी त्याच्याच रॉडवर चढवून फिनिश करायचा असतो. एकेक पार्ट दहा वेळा काढा-घाला, मध्ये दोन दिवस विचार करा, एखादा भंगारात टाका. लोक जॉबवर पोट भरतात, त्यांना कोणत्या तोंडाने म्हणू की भाऊ, तुझी मशीन दोन महिने दे. म्हणून घरच्या सिंगल फेजवर चालणारी मिनी लेथ पाहिजे होती. मागच्या खोलीत १५ अँपिअरचा पॉइंट काढून घेतला (१,८५०) आणि अँगलचं टेबल वेल्डिंग करून घेतलं (६,३००). हे पैसे फसवणुकीत मोजलेले नाहीत.

नव्या मशीनचं कोटेशन १,०४,००० आलं होतं. आणि एका रात्री मोबाईलवर जाहिरात दिसली, तीन वर्षं वापरलेली मिनी लेथ, सोबत चार जॉ चक (काम पकडायचा पंजा), टूल पोस्ट, फेस प्लेट, ५८,०००. माणूस म्हणे राजकोटचा, वडिलांचा छंद होता, वडील गेले, घरी कोणाला येत नाही. राजकोट म्हटल्यावर मी तिथेच अर्धा विरघळलो, कारण लेथ आणि राजकोट हे आमच्या लाइनमध्ये एका श्वासात घेतात. बोलणं इतकं नम्र की विचारू नका, "सर, आप जैसे कारीगर के हाथ में जाएगी तो पापा की आत्मा को शांती मिलेगी." मी भैताड, माझे डोळे भरून आले.

पण एकदमच आंधळा नव्हतो, हे लक्षात घ्या. मी व्हिडीओ मागितला. मशीन चालू करून दाखव म्हटलं, आणि त्याने दहा मिनिटांत पाठवला पण. अठ्ठेचाळीस सेकंदांचा. आता इथे थांबतो, कारण रात्री झोप लागत नाही ती ह्या अठ्ठेचाळीस सेकंदांमुळे.

त्या व्हिडीओत मशीन फिरून राहिली होती आणि वरून भजन लागलेलं होतं. मशीनचा आवाज नाहीच, नुसतं भजन. अरे, लेथ आम्ही डोळ्यांनी बघतच नाही, कानाने बघतो! बेअरिंग गेलं आहे की गिअर वाजतो आहे की बेल्ट मारतो आहे, हे शॉपमध्ये पाय टाकल्या टाकल्या मला कळायचं, सुपरवायझर मला बोलवायचा ऐकायला. आणि मी काय विचार केला माहीत आहे? माणूस भाविक दिसतो. बस, एवढाच. मूळ व्हिडीओत बोलणारा दुसराच माणूस आहे आणि त्याचा आवाज झाकायला भजन घातलं आहे, हे डोक्यातच आलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. मी व्हिडीओ थांबवून क्रॉस स्लाइडचा, म्हणजे टूल आडवं सरकवायच्या चाकाचा, डायल झूम केला, तर त्यावर थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, रेघा, आणि हा तर मेट्रिक म्हणाला होता. म्हणजे मला दिसलं होतं! विचारलं पण. तो म्हणे, "सर, एक्सपोर्ट पीस है, इसीलिए क्वालिटी अलग है." आणि मी स्वतःच स्वतःला समजावलं, काय हरकत आहे, गुणिले २५.४ करू. खाली भिंतीजवळ प्लग दिसत होता, दोन चपट्या पट्ट्या आणि एक गोल पिनवाला, तो आपल्याकडचा नव्हेच, अमेरिकेत १२० व्होल्टवर चालतो तो. तो मात्र मला नंतर दिसला. पैसे गेल्यावर सगळंच दिसतं.

मशीन विकत घेत असाल तर एवढं करा, त्याला म्हणा की चकमध्ये गोल बार धर, त्यावर डायल गेज (बार किती डगमगतो ते मोजणारं घड्याळ) लाव, शेजारी तुझ्या हाताने कागदावर माझं नाव लिहून ठेव आणि आवाजासकट व्हिडीओ काढ. ज्याच्याकडे मशीन आहे त्याला पाच मिनिटं लागतात. ज्याच्याकडे नाही तो रागावतो.

पैसे असे गेले. बुकिंगचे २,०००. दुसऱ्या दिवशी ॲडव्हान्स २५,०००, बाकी ३१,००० मशीन घरी आल्यावर, म्हणजे मला वाटलं जोखीम अर्धीच आहे. यूपीआयवर नाव एका बाईचं आलं, विचारलं तर म्हणे मिसेसचं खातं. मग लाकडी पेटीचं पॅकिंग आणि इन्शुरन्स ६,८५०, "रिफंडेबल". मग बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला, वर शिक्का, सही, गाडी नंबर, सगळं. त्यात वजन १४० किलो लिहिलं होतं. मिनी लेथ चाळीसेक किलोची असते, दोन माणसं हातावर उचलतात. हेही मला माहीत होतं! म्हटलं पेटीचं वजन धरलं असेल. शंभर किलोची पेटी, वाह रे टर्नर. मग गाडी बॉर्डरवर अडली, ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) नाही, ४,७२० भरा. तर हे लिहून ठेवा, ई-वे बिल काढायला सरकार एक रुपया घेत नाही, ऑनलाइन फुकट निघतं. हे मला नंतर वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने सांगितलं, त्याने बिल्टी बघितली आणि म्हणाला, "काका, माल मागवताना टू-पे मागवत जा ना, माल हातात तेव्हा भाडं हातात." मी म्हटलं बेटा, उशीर झाला.

आणि शेवटचं सांगायला खरंच लाज वाटते. तो म्हणे इन्शुरन्सचे ६,८५० परत करतो आणि त्रास झाला म्हणून वरचे २,३५० सूट, असे ९,२०० पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा. स्कॅन केला, पिन टाकला, ९,२०० गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे बँकेच्या भिंतीवर लिहिलेलं आहे, मी रोज वाचतो. पण त्या दिवशी मे महिन्यातली दुपार, कूलरचं पाणी संपलेलं, तो फोनवर सारखा "सर जल्दी, सर्व्हर बंद होगा" म्हणून राहिला आणि मला एकदाची मशीन पाहिजे होती. बाकी काही कारण नाही. २,००० अधिक २५,००० अधिक ६,८५० अधिक ४,७२० अधिक ९,२००. करा बेरीज.

दोन दिवस मी कोणालाच सांगितलं नाही, आणि फसण्यापेक्षा मोठी चूक हीच झाली. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन त्याच तासात करायचा असतो, पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळायच्या आत. मी लाजेपायी अठ्ठेचाळीस तास दिले चोराला. तेव्हा लाज नंतर वाटून घ्या, आधी १९३०, मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार, प्रत्येक ट्रान्झॅक्शनचा यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) हाताशी ठेवून. आणि चॅट डिलीट करू नका! मी रागाच्या भरात अर्धं डिलीट केलं होतं.

आता पोलीस ठाणं. कोणतं ते लिहीत नाही, लिहिलं तर उद्या परत तिथेच जायचं आहे. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी सांगितलं अर्ज लिहून आणा, लिहून आणला तर म्हणे टाइप करून आणा, टाइप करून आणला तर म्हणे बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासकट जोडा. बँकेत गेलो तर लिंक नाही. चौथ्या चकरेला एका जवान पोट्ट्याने अर्ज वाचला आणि विचारलं, "काका, हे लेथ म्हणजे काय असते?" मी समजावून सांगितलं, चक, टेलस्टॉक, सगळं. तो ऐकून म्हणे, "मग ह्या वयात कशाला पाहिजे होती?" हा काय प्रश्न आहे का हो? मी साठीत लेथ घेणं गुन्हा आहे की त्याने फसवणं? मग दुसऱ्याने सल्ला दिला की आरोपी राजकोटचा आहे तर तिकडे तक्रार करा. अरे, आरोपी राजकोटचा आहे हे कोण म्हणालं? आरोपीच म्हणाला ना! कुठलाही दखलपात्र गुन्हा, हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर म्हणून नोंदवता येतो, हे भाच्याने मोबाईलवर दाखवलं तेव्हा साहेब म्हणाले, आम्हाला कायदा शिकवू नका. आपण तोंडाने अजून चारसोबीस म्हणतो, ते फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं आहे, नंबर बदलला, बाकी काही नाही. शेवटी सहाव्या चकरेला पोच मिळाली. पोचवर माझं आडनाव चुकलेलं आहे.

बँकेचं तर विचारूच नका. आरबीआयचा २०१७ चा नियम आहे, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. तो प्रिंट काढून घेऊन गेलो. मॅनेजर बाई शांतपणे म्हणाल्या, तो नियम तुमच्या नकळत झालेल्या व्यवहाराला आहे, पिन तुम्हीच टाकला. खरं होतं, म्हणून जास्त राग आला. पण पंचवीस हजार एका अनोळखी खात्यात जातात, त्याच दिवशी पुढे सरकतात, तेव्हा त्या खात्याची केवायसी कोणी केली होती, हे विचारलं तर म्हणे ती दुसरी बँक आहे. आत्तापर्यंत एका खात्यात माझे १,१४० रुपये होल्ड झाले आहेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागतो, असं मला तेव्हा सांगितलं. १,१४० साठी वकील!

भाच्याने व्हिडीओतल्या एका फोटोवरून शोधून मूळ व्हिडीओ काढला, अमेरिकेतल्या कोणाचा तरी, काही वर्षांपूर्वीचा. "मामा, ऐका," म्हणून त्याने आवाज लावला. तेव्हा पहिल्यांदा ती मशीन ऐकली. हेडस्टॉकमधून, म्हणजे चक फिरवणाऱ्या डोक्यातून, खरखर, आणि मध्येच गिअरचा टक-टक. मी म्हटलं, बेअरिंग गेलं आहे हिचं. भाचा म्हणे, तो माणूस इंग्रजीत तेच सांगून राहिला आहे, बेअरिंग बदलायचं म्हणूनच त्याने व्हिडीओ काढला होता. म्हणजे खरोखर आली असती तरी मी घेतली नसती.

बायको काही बोलली नाही, हे सगळ्यात वाईट. फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीला, म्हणजे इडा-पिडा घेऊन जा म्हणून काढतात त्या मिरवणुकीला, जाताना त्या माणसाचा नंबर चिठ्ठीवर लिहून न्या म्हणाली, घेऊन जा गे मारबत. ती गंमत करत होती की नाही, मला कळलं नाही. अँगलच्या टेबलावर सध्या तिच्या कुरडया वाळून राहिल्या आहेत.

हे आज लिहायचं कारण वेगळंच आहे. काल तीच जाहिरात परत दिसली. आता कोइम्बतूर, वडिलांच्या जागी मोठा भाऊ गेला आहे, आणि किंमत ५४,०००. मी रिपोर्ट मारला, आज सकाळी बघितलं तर तिथेच आहे. फोटो तोच, निळी मशीन, मागे लाकडी फळ्या, खाली डाव्या कोपऱ्यात चपट्या पिनांचा प्लग. व्हिडीओ मागाल तर ह्या वेळी भजनाऐवजी बासरी आहे.