ताजमहाल वगळून आग्रा: बायबल-कुराणाच्या वादाची दिवसभराची फेरी

माणशी २,२०० रुपये. त्यात गाडी, गाइड आणि दुपारचं जेवण. स्मारकांची तिकिटं ज्याची त्याने काढायची. आग्र्यातल्या एका छोट्या मंडळीची ही फेरी, आणि तिच्यात ताजमहाल नाही. हे बायकोला मी गाडीत बसल्यावर सांगितलं. अकबराच्या दरबारापासून कंपनी सरकारपर्यंत या शहरात बायबल आणि कुराण समोरासमोर कसे आले, हा फेरीचा विषय. मी वसईचा कॅथलिक. पोर्तुगीज आणि त्यांचे पाद्री आमच्या घरच्याच गप्पांमधले, म्हणून उत्सुकता होती.

सकाळी फत्तेपूर सिक्री. गाइड तरुण, इतिहासात संशोधन करणारा. इबादतखाना, म्हणजे अकबराने धर्मचर्चेसाठी बांधलेलं सभागृह, नेमका कुठे होता यावर अभ्यासकांचं एकमत नाही, हे त्याने आल्या आल्याच सांगून टाकलं. कुठल्याही चौथऱ्याकडे बोट दाखवून मोकळा झाला असता तरी आम्हाला काय कळणार होतं? तिथेच तो मला आवडला.

१५८० मध्ये अकबराच्या बोलावण्यावरून गोव्याहून जेझुइट या कॅथलिक संघाचे तीन पाद्री इथे आले. रुदोल्फो आक्वाविवा, आंतोनी मोन्सेरात आणि फारसी येणारे फ्रान्सिस्को हेन्रिकेश. त्यांनी अँटवर्पला छापलेलं, स्पेनच्या राजाच्या आश्रयाने निघालेलं बहुभाषी बायबल भेट दिलं. बादशहाने पगडी उतरवून ग्रंथ मस्तकी लावले. पुढे उलेमांशी, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांशी, वाद सुरू झाले. मोन्सेरात लिहितो की पाद्र्याने बायबल आणि मौलवीने कुराण घेऊन आगीत शिरावं असा प्रस्ताव आला, पण हे देवाची परीक्षा पाहणं आहे म्हणून आक्वाविवाने नकार दिला. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल लिहितो की प्रस्ताव पाद्र्याचाच होता आणि कच खाल्ली ती मौलवींनी! गाइडने दोन्ही उतारे शेजारी शेजारी वाचून दाखवले आणि गप्प बसला.

पण आक्वाविवाची गोष्ट त्याने सिक्रीतच सोडली, हे मला खटकलं. हा माणूस गोव्यात परतला आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीला मारला गेला. पोर्तुगीजांनी देवळं पाडल्यामुळे ते गाव पेटलेलं होतं. नंतर गावच्या मुखियांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी ठार केलं. सिक्रीत हातात फक्त पुस्तक घेऊन बसलेल्या पाद्र्यामागे गोव्यात तोफा होत्या. चहाच्या टपरीवर मी हे सांगितलं, तर गाइडने वही काढून टिपून घेतलं.

फेरीतली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे जेवणाआधी हातात देतात तो दुपानी कागद. एका बाजूला बायबलमधल्या उत्पत्तीचा ३९वा अध्याय, दुसऱ्या बाजूला कुराणातला सूरह यूसुफ. माणूस एकच, आमचा योसेफ तो त्यांचा यूसुफ. मालकाची, म्हणजे पोटीफरची, बायको त्याच्या मागे लागते आणि तो पळाल्यावर त्याच्यावरच आळ घेते. आमच्याकडच्या कथेत पोटीफरच्या बायकोच्या हाती योसेफाचं वस्त्र राहतं आणि तेच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतं. कुराणात सदरा मागून फाटलेला निघतो, म्हणजे तो पळत होता, आणि तोच सदरा त्याला निर्दोष ठरवतो. तरी तुरुंग दोन्हीकडे आहेच. शहरातल्या बायका यूसुफचं रूप पाहून सुरीने स्वतःचे हात कापून घेतात, हा प्रसंग बायबलमध्ये नाही. यहुद्यांच्या नंतरच्या कथांमध्ये तो सापडतो. आमच्यात मालेगावचे एक निवृत्त उर्दू शिक्षक होते. त्यांनी त्या आयती तोंडपाठ म्हटल्या आणि मला म्हणाले, "आता तुमचं वाचा, फादरांसारखं." मी वाचलं. कोणाचं खरं हा प्रश्न कोणी काढलाच नाही. बायकोचं मत पडलं की सदऱ्याचा पुरावा जास्त पटतो.

जेवण सामान्य. पनीर रबरी, रोट्या गार. पुढे जाऊ.

दुपारी अकबरी चर्च. अकबराच्या परवानगीने सुमारे १६०० मध्ये उभं राहिलेलं, शाहजहानच्या काळात पाडलेलं आणि लगेच पुन्हा बांधलेलं. मग रोमन कॅथलिक दफनभूमी. तिथे तांबड्या दगडातला एक छोटा ताजमहाल आहे. ही कबर जॉन हेसिंगची, म्हणजे शिंद्यांच्या चाकरीतल्या डच सेनापतीची. आग्र्याचा किल्ला त्याच्या ताब्यात होता. तो १८०३ मध्ये वारला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी शहर घेतलं. मराठी माणसाने निदान एवढ्यासाठी तरी जावं. गाइडने इथे पाचच मिनिटं दिली. भांडून पंधरा करून घेतली.

शेवटचा टप्पा १८५४चा मुनाझरा, म्हणजे जाहीर धर्मवाद. १० आणि ११ एप्रिल, मिशनची शाळा. एका बाजूला मिशनरी कार्ल फांडर, त्याच्यासोबत सेंट जॉन्स कॉलेजचा पहिला प्राचार्य थॉमस फ्रेंच. समोर कैरानाचे मौलाना रहमतुल्लाह आणि सरकारी दवाखान्यातले डॉक्टर वजीर खान. बायबलचा मजकूर बदलला गेला आहे का, हा मुद्दा पुढे आला. फांडरची तयारी कुराण आणि त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) यांवर बोलायची. पण डॉक्टरसाहेबांनी काढले ते युरोपातल्याच बायबल-संशोधकांचे ग्रंथ. सात-आठ ठिकाणी फेरफार झाल्याचं फांडरला मान्य करावं लागलं. त्यात योहानाच्या पहिल्या पत्रातलं त्रैक्याचं प्रसिद्ध वचनही होतं. आजच्या बहुतेक भाषांतरांत ते मूळ मजकुरात नसतं. चर्चा तिथेच थांबली आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या विजयाचे वृत्तान्त छापले.

इथे गाइड घसरला. फांडरला त्याने साम्राज्याचा भोंगा करून टाकलं. फांडर जर्मन होता, आधी कॉकेशसमध्ये काम करत होता आणि तिथून रशियन सरकारने मिशन बंद करून घालवलेला. शिवाय मौलानांनी जी चिकित्सक नजर बायबलवर रोखली, ती कुराणावर कोणी रोखलेली त्यांना चालली नसती, हेही सांगायला हवं होतं. फांडरचं नेमकं उलट. तरी समोर कंपनीचे अधिकारी बसले होते, हे विसरता येत नाही. सिक्रीत पाद्री पाहुणे होते आणि पंच होता बादशहा. १८५४ मध्ये सरकारच पाद्र्याच्या धर्माचं होतं. तीन वर्षांनी उठाव झाला, मौलानांच्या डोक्यावर इनाम लागलं, मालमत्ता लिलावात गेली आणि ते मक्केला निघून गेले. दोन दिवसांच्या वादाचा खरा निकाल या लिलावात लागला, असं मला वाटतं.

पुढे त्यांनी इस्तंबूलमध्ये अरबीत लिहिलेला 'इझहारुल हक' आजही छापला जातो. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या अहमद दीदात या मुस्लिम प्रचारकाने आपली जाहीर वादाची शैली त्याच पुस्तकावरून उचलली. हे गाइडने परतताना गाडीत, हॉर्नच्या गोंगाटात उरकलं. मला विचाराल तर यासाठी वेगळा तास हवा.

पाचपैकी चार तारे. हिवाळ्यातच जा, दफनभूमीत फारशी सावली नाही आणि सिक्रीचा दगड तापतो. फेरीत पुरता विसावा मिळत नाही, गुडघे दुखत असतील तर आधी सांगून ठेवा. जेवण टाळून पैसे कमी करून मिळतात का विचारा, आणि तो कागद मात्र मागून एक जास्त घ्या. मालेगावच्या सरांनी तीन घेतले.