डब्यावर नाव टाकायला लेझर की जाळायचा पेन?

सावंतवाडीच्या एका कातारी (लेथ या यंत्रावर लाकूड फिरवून घडवणाऱ्या) मित्राचा प्रश्न: लेथवरच्या डब्या-वाट्यांवर नक्षी टाकायला छोटा लेझर घेऊ, की लाकूड जाळून रेघ काढायचा विजेचा पेन?

खर्चात पेनच स्वस्त. लेझरसोबत त्याच्या प्रकाशापासून डोळे वाचवणारा चष्मा आणि धूर बाहेर फेकणारा पंखाही लागतोच. जाहिरातीतलं टेबल मात्र कायम स्वच्छ!

खरी मेख गोलाईत आहे. लेझरचा किरण ठराविक अंतरावरच बारीक असतो. सपाट झाकणावर अक्षरं छापल्यासारखी उठतात, भोवऱ्याच्या पोटावर तीच रेघ कडेला जाड आणि फिकी होते. फिरता रोलर जोडला तर सरळ नळकांडं जमतं, फुगीर वाटी नाही. पेनला गोलाईचं वावडं नाही, पण हात बसलेला हवा. लाकडाच्या कडक रेषांवर टोक अडखळतं.

टिकायला दोन्ही सारखेच. लाखेचा थर दिलेल्या लाकडावर मात्र दोन्ही नकोत, लाख उष्णतेने वितळते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात लेझरचं भिंग सारखं पुसावं लागतं, तेवढी कटकट धरा.

लग्नाच्या आहेराला एकच नाव पन्नास झाकणांवर हवं असेल तर लेझर घ्या. वाट्या, भोवरे, प्रत्येकावर वेगळी वेल काढणाऱ्याने पेनच घ्यावा.