कंटाळा, करिअर आणि कल चाचणी: एका समुपदेशन सेवेविषयी

नोकरीचा लवकर वीट येणाऱ्या आणि एका कामावर लक्ष न टिकणाऱ्या लोकांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका ऑनलाइन करिअर समुपदेशन सेवेचा मी नुकताच लाभ घेतला. आधी कल चाचणी, मग तिचा अहवाल आणि शेवटी समुपदेशकाबरोबर बैठका, असा तिचा क्रम आहे. जाहिरातीत भर चाचणीवर असला, तरी मला खरा उपयोग झाला तो बैठकांचा.

ही चाचणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या १९५९ सालच्या सिद्धान्तातून विकसित झालेल्या सहा व्यवसायप्रकारांवर बेतलेली आहे. अमुक यंत्र दुरुस्त करायला आवडेल का, तमुक गटाला शिकवायला आवडेल का, अशा धाटणीचे प्रश्न तिच्यात येतात. ज्याला नव्याची ओढ आहे, तो यांतल्या बहुतेक प्रश्नांना ‘हो’ म्हणणार हे उघड आहे, कारण त्याची अडचण आवड निर्माण होण्यात नसून ती टिकण्यात असते. साहजिकच माझ्या आलेखातले सहाही स्तंभ जवळपास सारख्याच उंचीचे निघाले. असा सपाट आलेख म्हणजे कल पुरेसा स्पष्ट झालेला नाही, असे हॉलंड यांची मांडणीच सांगते. अहवालाने मात्र त्याचा उल्लेखही न करता पशुवैद्यकापासून नेपथ्यकारापर्यंत व्यवसायांची लांबलचक यादी पुढे केली.

समुपदेशक बाईंनी ती यादी बाजूला ठेवली आणि मला कामाची नोंदवही ठेवायला सांगितली. कोणते काम केले यापेक्षा लक्ष नेमके कोणत्या क्षणी उडाले, हे तिच्यात लिहायचे होते. साप्ताहिक तक्ते भरताना दर थोड्या वेळाने माझा हात मोबाइलकडे जात होता. चिडलेल्या ग्राहकाची गुंतागुंतीची तक्रार सोडवताना मात्र दुपार कधी सरली ते कळत नव्हते. या नोंदींचा अर्थ लावताना बाईंनी हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी १९७०च्या दशकात मांडलेले कामाचे पाच गुण आधाराला घेतले: कौशल्यांची विविधता, कामाचा पूर्णपणा, त्याचे महत्त्व, स्वायत्तता आणि परिणाम कळण्याची सोय. तक्त्यांचे पुढे काय होते हे मला कधीच कळत नव्हते, तक्रारीचा निकाल मात्र त्याच दिवशी दिसत होता. म्हणजे प्रश्न क्षेत्राचा नसून कामाच्या घडणीचा होता. त्यानुसार मी वरिष्ठांकडे तक्रार निवारणाचे काम वाढवून मागितले आणि ते काही प्रमाणात मिळालेही. तक्ते अजून सुटलेले नाहीत.

या सेवेतली गंभीर उणीव वेगळीच आहे. लक्ष न टिकणे ही तक्रार घेऊनच लोक इथे येतात, तरीही प्राथमिक अर्जात झोप, नैराश्य किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणे अवघड करणारा विकार) यांविषयी एकही प्रश्न नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार, सतरा वर्षे व त्यापुढील व्यक्तीच्या एडीएचडीच्या निदानासाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरतात, मात्र काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. निदान करणे समुपदेशकाचे काम नव्हे हे मान्य, पण शाळेपासूनच हा त्रास आहे का एवढे विचारून गरजूला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला काय हरकत होती? त्याऐवजी अहवालात सर्वांना सरसकट पंचवीस मिनिटांचा टायमर लावून काम करण्याचा सल्ला छापलेला आहे.

नोकरीत असलेल्या आणि कशाने कंटाळा येतो हे तपासण्याची तयारी असलेल्या व्यक्तीने ही सेवा जरूर घ्यावी. पहिलीच नोकरी शोधणाऱ्याकडे नोंदवहीत लिहिण्याजोगे काही नसल्याने त्याच्या हाती केवळ ती यादी पडेल. चाचणी वगळून फक्त बैठका घेण्याची सोय सध्या तरी नाही.